दुधाची अ‍ॅलर्जी: घरीच चमचा-चमचा पाजून सवय लावली तर चालेल का?

तुमच्या पाच वर्षांच्या मुलाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे. ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे ज्याची अ‍ॅलर्जी तोच पदार्थ अगदी थोड्या मापापासून वाढवत रोज देऊन शरीराला सवय लावणं, करावी का, किती महिने लागतात, आणि सासूबाई म्हणतात तसं घरीच थोडं थोडं पाजलं तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय. आधी शेवटच्या प्रश्नाचं बोलू.

बिघडतं ते मापात. १०० मिली दुधात साधारण ३.३ ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे चहाच्या एका चमच्यात, ५ मिलीत, १६५ मिलिग्रॅम. २००८ साली अमेरिकेत मुलांवर दुधाच्या इम्युनोथेरपीची जी चाचणी झाली, तिचा पहिला डोस ०.४ मिलिग्रॅमचा होता. सासूबाईंचा ‘एकच चमचा’ त्याच्या चारशे पट होतो. म्हणून सुरुवातीचे डोस पातळ करून देतात. १ मिली दूध ९ मिली पाण्यात मिसळलं की १ मिलीत ३.३ मिलिग्रॅम राहतं, त्यातलं १ मिली पुन्हा ९ मिली पाण्यात घातलं की ०.३३. माप सुईशिवायच्या सिरिंजनेच घ्यायचं, मिश्रण रोज ताजं करायचं आणि नीट हलवून घ्यायचं. पाकीट कायम एकाच प्रकारचं ठेवा. म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त असतं आणि तबेल्याच्या सुट्या दुधाचा काही भरवसाच नाही. गॅसवर आटलेलं दूध मोजू नका, पाणी उडालं की तेवढ्याच मिलीत प्रथिन वाढतं. आणि उकळल्याने अ‍ॅलर्जी जात नाही, दुधातलं मुख्य प्रथिन, केसिन, उकळीला दाद देत नाही.

पण खरी गडबड माप चुकल्यावरच होते असं नाही. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीतला सहा वर्षांचा मुलगा घ्या. रुग्णालयात वाढवलेला ४० मिलीचा डोस तीन आठवडे रोज बिनतक्रार पचत होता. एका शुक्रवारी अंगात कणकण होती, दुपारी जेवला नाही. साडेपाचला डोस तसाच रिकाम्या पोटी दिला आणि सव्वासहाला तो खाली फुटबॉल खेळायला गेला. वीस मिनिटांत ओठ सुजले, गळ्यावर गांध्या उठल्या, मग खोकल्याची ढास लागली. घरच्यांनी सेट्रिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची नेहमीची गोळी-सिरप, दिलं आणि ‘उतरेल’ म्हणून वाट बघितली. उलटी झाली तेव्हा गाडी काढली. कासारवडवलीहून माजिवड्याच्या दिशेने, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, ऐन ट्रॅफिकमध्ये. कॅज्युअल्टीत अ‍ॅड्रेनलिनचं, म्हणजे जीवघेणी रिअ‍ॅक्शन थांबवणारं, इंजेक्शन मिळालं आणि मुलगा सावरला.

दूध तेच होतं, डोसही तोच. ताप, उपाशी पोट आणि धावपळ, या तिन्हींनी सहन होण्याची पातळी खाली आणली. म्हणून डोस पोटभर खाल्ल्यावर द्यायचा. पुढचे दोन तास पळापळ नाही, गरम पाण्याची अंघोळ नाही, झोपवायचंही नाही. ताप, जुलाब किंवा दम्याची घरघर असेल त्या दिवशी डॉक्टरांना विचारून डोस कमी करायचा किंवा टाळायचा. तापाला आयबुप्रोफेन देऊ नका, तेही रिअ‍ॅक्शन भडकवू शकतं. तीन-चार दिवस खंड पडला तर जुन्या डोसवर परस्पर परतायचं नाही. आणि डोस वाढवायचा तो रुग्णालयातच, घरी कधीच नाही.

आता जे मी वर्षानुवर्षं सांगतोय आणि लोक ऐकत नाहीत ते. ‘इंजेक्शन डॉक्टरच देतील’ हा हट्ट सोडा. सेट्रिझिन खाज कमी करतं, श्वास मोकळा करत नाही. अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, पण १ मिलीचं, १ मिलिग्रॅमचं अँप्युल, म्हणजे औषधाची फोडायची काचेची कुपी, मिळतं. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १८ किलोच्या मुलाला ०.१८ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. सिरिंज १ मिलीची हवी, शंभराव्या भागाच्या रेषा असलेली. इन्सुलिनची चालत नाही. तिच्यावर युनिट लिहिलेले असतात आणि सुई इतकी आखूड की स्नायूपर्यंत पोचत नाही. अँप्युल फोडून मात्रा भरण्याचा सराव डॉक्टरांसमोर करून घ्या आणि तुमच्या मुलाची मात्रा त्यांच्याकडून लिहून घ्या. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं, उभं करायचं नाही. मग १०८ ला फोन. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरी मात्रा, म्हणून अँप्युल दोन ठेवा. हे शिकवायला जे डॉक्टर तयार नसतील त्यांच्याकडे ही थेरपी सुरूच करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

करावी का? युरोपच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना साधारण चार-पाच वर्षांनंतरही टिकून राहिलेल्या अ‍ॅलर्जीसाठी हो म्हणतात. तुमचा मुलगा त्या वयात आहे. पण अनेक मुलांची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात आपोआप जाते, काहींना ओव्हनमध्ये अर्धा तास भाजलेल्या केकमधलं दूध आधीच चालतं, त्यामुळे ते आधी रुग्णालयात तपासून घ्या. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नसेल तर ही थेरपी त्यासाठी नाही. दमा आटोक्यात नसेल तर थांबा. डोस वाढवण्याचा टप्पा सहसा काही महिन्यांचा असतो, कधी वर्षही लागतं. नंतरही रोजचं दूध चालू ठेवावं लागतं, बंद केलं तर मिळवलेली सहनशक्ती बऱ्याच मुलांत ओसरते. अधूनमधून गिळायला त्रास किंवा वारंवार उलट्या होऊ लागल्या तर अन्ननलिकेला सूज आली असू शकते, लगेच दाखवा.

आणि मुलाचं वजन दर तीन महिन्यांनी करा, अँप्युलच्या डबीवरचा मात्रेचा आकडा त्याप्रमाणे डॉक्टरांकडून बदलून घ्या.