वही कुठं आहे तुझी?

पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज रात्री दोनदा ऐकला. "सर, माझ्यात कॉन्फिडन्सच नाही, मी आता कबड्डीच्या ग्राउंडवर नाही येणार." त्या मॅचले नऊ दिवस झाले. तुझी माय काल भेटली, म्हणे पोरगी धड जेवून नाही राहिली. त्या पोट्ट्यानं तुझ्या शेवटच्या रेडचा व्हिडिओ स्टेटसला टाकला अन् सारं गाव हसलं, माहीत आहे मले. हसू दे. मी पण तो पंधरा वेळा पाहिला, मले त्यात समोरच्या टीमची डावी कॉर्नरवाली दिसली.

तिनंच धरलं तुले, तिन्ही वेळा. तुझा तोच पाय पुढं, तिचा तोच अँकल होल्ड, घोटाच धरते. आता सांग, हे काम कॉन्फिडन्सचं आहे का पायाचं?

म्हणून जूनपासून म्हणून राहिलो, वही लिही. किती रेड, किती पॉइंट, किती रिकाम्या, कुणी धरलं, कुठं धरलं. तू नाही लिहिलं, मी लिहिलं. 13 रेड, 5 पॉइंट, 5 रिकाम्या, 3 वेळा आउट. तुले त्यातली एकच आठवते. तुझे बाबा जिनिंगवर कापूस नेतात तं काट्याची पावती घेतात ना, का नुसते "यंदा काहीच झालं नाही" म्हणत घरी येतात? मग तू बिनापावतीची काहून रडते?

आमचे सर आम्ही हारलो की 1936 चं बर्लिन सांगायचे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची पोरं ऑलिंपिकच्या वेळी तिथं कबड्डी दाखवून आली, अन् तुम्ही शेजारच्या तालुक्याले हारता? छाती फुगायची आमची. पण अँकल होल्ड काही सुटायचा नाही. म्हणून मी भाषण देत नाही, तुम्हा पोरींना वाटते सर कोरडे आहेत. असू दे.

दुसरी गोष्ट, तुझा आवाज. घाबरली की तुझं कबड्डी-कबड्डी वर चढते, फास्ट होते, अन् तीस सेकंदाच्या रेडमध्ये वीस सेकंदातच दम संपते, बाकीचे दहा तू नुसती परतायची वाट पाहते. समोरच्या पोरी पायाआधी आवाज ओळखतात. लाइन ओलांडायच्या आधी श्वास पूर्ण सोड, मग भर, खालच्या आवाजात सुरू कर. अन् आउट होऊन बाहेर बसली की टॉवेलमध्ये तोंड नको खुपसू. आपल्या कुणी पॉइंट आणला की तुले परत आत जायचं आहे, तोवर पाय कोणता सरकते कोणाचा ते बघ. तेही वहीत.

मी नाही लिहिलं कधी. सिलेक्शनच्या कॅम्पमध्ये पहिल्या दिवशी चार वेळा धरला गेलो, दुसऱ्या दिवशी पोट दुखते सांगून एसटीनं घरी आलो, अन् पुढं तीस वर्षं सांगत फिरलो की सिलेक्टरनं अन्याय केला. थोडा झालाही होता, ते मी आजही म्हणतो, त्यांच्या ओळखीचे दोन पोट्टे आत गेलेच. पण मी दुसऱ्या दिवशी मैदानात होतो कुठं? अन् कोण मले कसं धरत होता, तेही आज सांगता येत नाही. चार वेळा धरलं एवढंच आठवते. बाकी सारं गेलं.

शेवटची रेड डू ऑर डाय होती, पॉइंट नाही आणला तं आउट, तिथं तुलेच पाठवायचं मी ठरवलं होतं. त्याआधी दोनदा तिनंच धरलेलं बाहेरून मले दिसायले पाहिजे होतं, थांबवून सांगायले पाहिजे होतं. नाही सांगितलं. हेही लिहिलं आहे मी वहीत, तुझ्या नावाखाली नाही, माझ्या.

उद्या सहाले ये. वेचणीले जायचं असेल तं साडेपाचले ये, सातले सोडतो. शंभर पानी वही आण, जुनी चालते. डावी कॉर्नर मी उभा राहतो, गुडघा दुखते तरी.

— सर