धुतलेला गालिचा पुन्हा लवकर मळू नये म्हणून कोणते क्लीनर निवडावे?

वाळल्यावर चिकट न राहता ठिसूळ पापुद्रा किंवा भुकटी होणारे क्लीनर निवडावे, कारण धुतलेला गालिचा लगेच मळतो तो बहुधा तंतूंवर उरलेल्या साबणामुळे: पाणी उडून जाते, पण मळ सोडवणारा घटक मागे राहून चिकट थर धरतो आणि पायांबरोबर येणारी धूळ पकडून ठेवतो. बाटलीवरच्या दाव्यांवर विसंबण्यापेक्षा चमचाभर द्रावण काचेच्या बशीत पूर्ण वाळू द्यावे आणि नखाने खरवडून पाहावे. भुकटी सुटली तर ती व्हॅक्यूमने निघेल, बोटाला चिकटले तर ते क्लीनर, कितीही सुवासिक असले तरी, घेऊ नये. चांगले क्लीनरही प्रमाणाबाहेर वापरले तर उरतेच, म्हणून शेवटी साध्या पाण्याचा एक हात फिरवून ते पाणी जितके शोषून घेता येईल तितके घ्यावे. मात्र लोकर किंवा रेशमाच्या गालिच्याला ही कसोटी पुरेशी नाही. तेथे तीव्र अल्कधर्मी द्रावणे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने टाळून, लोकरीसाठी योग्य असल्याचे लिहिलेले सौम्य क्लीनर आधी एखाद्या झाकल्या कोपऱ्यावर लावून रंग उतरतो का ते पाहावे.