‘संकेतांचं असंतुलन’ की आणखी काही?

प्रश्न असा आला आहे: स्वयंप्रतिकार रोगांच्या (म्हणजे शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःच्याच पेशींवर उलटते अशा आजारांच्या) उंदरांवरील प्रयोगांविषयीच्या मजकुरात ‘प्रतिकारसंस्थेच्या संकेतांमध्ये असंतुलन निर्माण होते’ असं वाक्य आहे. इथे ‘असंतुलन’ ठेवावं, ‘असमतोल’ करावं, की सरळ ‘बिघाड’ म्हणावं?

‘असंतुलन’ आणि ‘असमतोल’ दोन्ही ‘तुल्’ धातूकडेच जातात, अर्थात फरक नाही. मला ‘असमतोल’ जवळचा वाटतो, कारण तोल सांभाळणं, तोल जाणं, तोल ढळणं असा त्याचा मोठा गोतावळा मराठीत आहे. पण तोल म्हटला की दोन पारडी आली. तेव्हा आधी बघायचं ते हे, की मजकुरातल्या उंदराच्या शरीरात दोन पारडी आहेत का.

‘स्कर्फी’ नावाच्या, जन्मतःच सदोष जनुक असलेल्या उंदरात आहेत. अमेरिकेतल्या ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४९ मध्ये हा दोष आपसूक उद्भवला. अंगावर खवले धरतात आणि नर पिल्लं जेमतेम तीन-चार आठवडे जगतात. दोष फॉक्सपी-३ जनुकात आहे, हे २००१ मध्ये कळलं. या जनुकावाचून नियामक टी पेशी धड तयार होत नाहीत. हल्लेखोर पेशी आहेत, त्यांना आवरणाऱ्या नाहीत. इथे ‘असमतोल’ अगदी चपखल.

‘एमआरएल-एलपीआर’ उंदराचं तसं नाही. काम संपलेल्या लसीकापेशीला (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशीला) ‘आता मर’ हा संदेश फास नावाच्या ग्राहकामार्फत, म्हणजे पेशीवरच्या संदेश पकडणाऱ्या रेणूमार्फत, मिळतो आणि या उंदरात तो ग्राहकच सदोष असतो. पेशी मरत नाहीत, लसीकाग्रंथी सुजतात, ल्युपस या स्वयंप्रतिकार रोगासारखा आजार होतो. याला असमतोल म्हणणं म्हणजे मोघम बोलणं. ‘मरणाचा संदेश पेशीपर्यंत पोचत नाही’ असं लिहावं, चार शब्द जास्त गेले तरी.

‘बीएक्सएसबी’ जातीच्या नरांत तिसराच प्रकार. एक्स गुणसूत्राचा तुकडा वाय गुणसूत्रावर जाऊन बसल्यामुळे विषाणूंची चाहूल घेणारा ग्राहक घडवणाऱ्या टीएलआर-७ जनुकाच्या एकाऐवजी दोन प्रती होतात. हा सरळसरळ ‘अतिरेक’.

आणि काही वेळा तर पारड्यांचं रूपकच मोडतं. मल्टिपल स्क्लेरोसिसशी (प्रतिकारसंस्था मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते त्या रोगाशी) साम्य असलेला आजार उंदरांत मुद्दाम घडवून आणतात. गॅमा इंटरफेरॉन हे दाह भडकवणारं रसायन म्हणून प्रसिद्ध, म्हणून ते नसलेल्या उंदरांत हा आजार सौम्य व्हायला हवा होता. झाला उलट, तीव्र! मग त्याला कोणत्या पारड्यात घालणार? तिथे ‘बिघाड’सुद्धा नको, काय झालं तेवढंच सांगावं.

आता ‘संकेत’. मराठीत त्याला रूढीचा, ठरवून घेतलेल्या खुणेचा वास आहे (सामाजिक संकेत, संकेतशब्द). पेशींच्या बाबतीत एक पेशी रेणू सोडते, दुसरीचा ग्राहक तो पकडतो. पाठवणारा, निरोप्या, घेणारा, सगळे हजर. म्हणून ‘संदेश’ बरा. ‘संदेशवहन’ तर जीवशास्त्राच्या मराठीत रुळलेलाही आहे.

राहिलं ‘निर्माण होते’. असंतुलन ‘निर्माण’ कशाला व्हायला हवं? मजकूर स्कर्फीबद्दल असेल तर ‘प्रतिकारसंस्थेतल्या संदेशांचा तोल ढळतो’ असं करा. शीर्षकात ‘असमतोल’ खुशाल ठेवा.