वाचक विचारतात : रॉजर्स पार्कमधला वन बेडरूम घ्यावा का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही दोघं चार वर्षं शिकागोत भाड्याने राहतोय. रॉजर्स पार्कमध्ये लोयोला स्टेशनपासून चालत सहा-सात मिनिटांवर एक वन बेडरूम कॉन्डो विकायला निघालाय, 1920च्या दशकातली विटांची बिल्डिंग, तिसरा मजला, किचन नवंकोरं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या तेवढ्याच फ्लॅटपेक्षा स्वस्त आहे पण महिन्याची असेसमेंट, म्हणजे बिल्डिंगमधल्या मालकांच्या असोसिएशनला भरायचा मेंटेनन्स, जास्त आहे. आणि एजंटला विचारलं की इथे कुठले लोक राहतात, आपले किती, तर तिने विषयच बदलला. काही लपवतेय का ती? मी एच-वन-बीवर आहे. घ्यावा का?

उत्तर : आधी एजंटचं सांगते कारण त्या बाईबद्दल मनात उगाच किंतू राहायला नको. ती लपवत नाहीये, कायदा तिला बोलू देत नाही. कोणत्या वस्तीत कोणत्या जातीधर्माचे वंशाचे लोक राहतात हे सांगून गिऱ्हाईकाला इकडे ओढायचं किंवा तिकडून वळवायचं, याला इथे स्टिअरिंग म्हणतात आणि 1968च्या फेअर हाउसिंग ॲक्टने त्याला बंदी आहे. हा कायदा याच शहराशी किती जोडलेला आहे बघा, मार्टिन ल्यूथर किंग 1966 साली घरांच्या भेदभावाविरुद्ध लढायला शिकागोत येऊन नॉर्थ लॉनडेलमधल्या एका साध्या फ्लॅटमध्ये राहिले, त्याच ऑगस्टमध्ये मार्केट (Marquette) पार्कच्या मोर्चात त्यांना दगड लागला, आणि 1968च्या एप्रिलमध्ये त्यांची हत्या झाली त्यानंतर आठवड्याभरात या कायद्यावर सही झाली. आपल्यासारख्यांना आज हवा तिथे फ्लॅट बघता येतो तो त्या माणसांमुळे, म्हणून मला तरी एजंट गप्प बसली की बरंच वाटतं.

वस्ती तुम्ही स्वतः चालून बघा. लोयोलाहून 155 नंबरची बस पकडून डेव्हनवर, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्यावर, उतरा, एकाच रस्त्याच्या तुकड्यांना गांधी मार्ग, मोहम्मद अली जिना वे, गोल्डा मायर ॲव्हेन्यू अशा मानाच्या पाट्या आहेत, मला त्या पाट्यांखालून भाजी घेऊन जाताना अजूनही भरून येतं. पण शनिवारच्या दुपारी एकदा बघून भागत नाही, आठवड्यातल्या रात्री दहाला स्टेशनवरून बिल्डिंगपर्यंत चाला आणि बेडरूमची खिडकी उघडून रेड लाइन ट्रेनचा आवाज किती येतो ते ऐका.

आता खरा मुद्दा. किचन विसरा. कॉन्डोत तुम्ही चार भिंतींच्या आतलं घेता आणि बाहेरच्या सगळ्यात वाटा घेता, छप्पर, विटा, तळघरातला बॉयलर, मागचे जिने, आणि त्यातलं काही बिघडलं की बिल तुमच्याही नावाने येतं. असेसमेंट जास्त म्हणून घाबरू नका. जुन्या बिल्डिंगमध्ये रेडिएटरची हीट बहुतेक वेळा त्यातच धरलेली असते, म्हणजे हिवाळ्यात गॅसचं मोठं बिल वेगळं येत नाही. मला उलट कमी असेसमेंटची जास्त भीती वाटते, कारण रिझर्व्हमध्ये, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठीच्या शिलकीत, पैसे टाकलेलेच नसतात आणि मग एक दिवस स्पेशल असेसमेंट, म्हणजे प्रत्येक मालकाकडून जादा वर्गणी, येते. माझ्याकडे आली होती, राहायला जाऊन आठ महिने झाले आणि छपरासाठी पैसे भरा अशी नोटीस, आणि वाईट याचं वाटलं की असोसिएशनच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये ते वर्षभर आधीपासून लिहिलेलं होतं, मला कोणी वाचायला सांगितलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, इलिनॉयच्या कॉन्डोमिनियम प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम 22.1 खाली विकणाऱ्याकडून कागद मागता येतात, रिझर्व्ह किती, येत्या दोन वर्षांत कुठला मोठा खर्च ठरलाय, कोर्टात केस आहे का. त्यासोबत दोन-तीन वर्षांची मिनिट्स मागा आणि चहा घेऊन बसून वाचा, टकपॉइंटिंग (विटांच्या सांध्यांची दुरुस्ती), लिंटेल (दारंखिडक्यांवरची तुळई), पॅरापेट (गच्चीची कठडाभिंत), बॉयलर हे शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर फ्लॅट स्वस्त का ते तिथेच कळेल. 24 जून 2021ला फ्लोरिडात सर्फसाइडची 12 मजली बिल्डिंग कोसळून 98 माणसं गेली, तिथे इंजिनिअरने 2018मध्येच मोठं नुकसान लिहून दिलं होतं. तेव्हापासून लोन देणारेसुद्धा बिल्डिंगच्या दुरुस्त्यांबद्दल असोसिएशनला प्रश्न पाठवतात, म्हणजे बिल्डिंग कच्ची निघाली तर तुमचं लोनच अडकू शकतं.

मागच्या लाकडी पोर्चवर तर नक्की जा. खांब जिथे खाली टेकतो तिथे किल्लीचं टोक दाबून बघा, लाकूड मऊ लागलं आणि टोक आत गेलं तर इन्स्पेक्टरला तिथेच उभं करा. 2003 साली याच शहरात लिंकन पार्कमध्ये असा पोर्च पडून 13 जण गेले.

टॅक्सचं एक ध्यानात ठेवा, कुक काउंटीत टॅक्स एक वर्ष मागून भरतात, म्हणून क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर होतं त्या दिवशी, विकणाऱ्याच्या काळातल्या टॅक्सचं त्याच्याकडून क्रेडिट मिळतं, ते किती धरलंय ते वकिलाला विचारा. आणि विकणारे 65च्या वरचे असतील तर त्यांना सीनिअर एक्झेम्प्शन, म्हणजे वयामुळे टॅक्समध्ये सूट, असू शकतं, त्यांचं बिल बघून हिशेब केलात तर तुमचा आकडा चुकेल.

आणि व्हिसा. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस हातात असतात, तेवढ्यात कॉन्डो विकला जाईलच असं नाही, मग भाड्याने द्यायची वेळ येईल. म्हणून डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या नियमांच्या मूळ दस्तात, रेंटल कॅप (किती फ्लॅट भाड्याने देता येतात याची मर्यादा) आहे का, वेटिंग लिस्ट आहे का हे सगळ्यात आधी बघा. भाड्याने द्यायलाच बंदी असेल तर तुमच्या जागी मी असते तर हा फ्लॅट सोडला असता, कितीही आवडला तरी. तसं नसेल आणि रिझर्व्ह धड असेल तर ऑफर द्या, वकील आधीच ठरवून ठेवा, कारण सही झाल्यावर ॲटर्नी रिव्ह्यूला, म्हणजे वकिलाने करार तपासायला, साधारण पाचच कामाचे दिवस मिळतात.

प्रश्न : लिस्टिंगमध्ये पार्किंग आहे असं लिहिलंय, तेवढं पुरे का?

उत्तर : नाही. डीडेड आहे, म्हणजे खरेदीखताने तुमच्या मालकीची, की असोसिएशनची जागा नुसती वापरायला दिलीय, की महिन्याच्या भाड्याची आहे हे लेखी घ्या. डीडेड असेल तर तिचा वेगळा पिन (मालमत्तेचा टॅक्स नोंदणी नंबर) आणि वेगळं टॅक्स बिल असू शकतं, तेही मागून घ्या.