काउंटरवरचा संयम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वडिलांना जाऊन जेमतेम महिना झालेला असताना त्यांच्या बचत खात्याच्या कामासाठी तू बँकेत गेलास आणि काउंटरवरील गृहस्थांनी कागद न उघडताच "वारसा प्रमाणपत्र आणा, उगाच डोके खाऊ नका" असे चारचौघांत सुनावले, हे वाचून मला फार वाईट वाटले. तू उलट बोलला नाहीस, पण गप्प बसल्याचीच आता चीड येते, असे तू लिहिले आहेस. अपमान गिळणे म्हणजे संयम, असे मी मानत नाही. आपण ज्या कामासाठी गेलो, ते समोरच्याच्या तोंडाळपणापायी बिघडू न देणे, याला मी संयम म्हणतो.

माझी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला झाली. निवृत्तिवेतनाच्या दिवसांत रांग दाराबाहेर गेलेली असते, त्यातच सर्व्हर बंद पडतो, आणि मग जो पुढे येईल त्याच्यावर राग निघतो. ही सबब मला मान्य नाही. मात्र तो राग तुझ्या वडिलांवर किंवा तुझ्यावर नव्हता, एवढे समजले तर तो घरी घेऊन जाण्याचे कारण उरत नाही. आणखी एक गोष्ट मी पुष्कळदा पाहिली आहे : नियम नीट ठाऊक नसला की कर्मचाऱ्याचा आवाज चढतो. म्हणून नियम आपल्याला ठाऊक असणे हाच संयमाचा खरा आधार आहे.

तुझ्या बाबतीत तो स्पष्ट आहे. खात्याला नामनिर्देशन असेल (म्हणजे आपल्यानंतर रक्कम कोणी स्वीकारावी, ते नाव, अर्थात नॉमिनी, खातेदाराने बँकेत नोंदवले असेल) आणि न्यायालयाचा मनाई आदेश नसेल, तर मृत्यूचा दाखला व नॉमिनीची ओळख पटल्यावर बँकेने न्यायालयाकडून आणाव्या लागणाऱ्या वारसा प्रमाणपत्राचा आग्रह धरू नये आणि परिपूर्ण दावा मिळाल्यापासून 15 दिवसांत रक्कम द्यावी, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. (नॉमिनी ही रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारतो, आईचा आणि बहिणीचा हक्क त्याने संपत नाही, हे घरातही सांगून ठेव.)

पुन्हा जाशील तेव्हा दाव्याच्या अर्जाच्या दोन प्रती ने आणि एकीवर तारखेसह पोच माग. पुन्हा तीच मागणी झाली, तर सावकाश म्हण, "साहेब, खात्याला नामनिर्देशन आहे. तरीही प्रमाणपत्र कोणत्या नियमाने लागते, तेवढे कृपया लिहून द्या." लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी बोलण्याचा सूर बदलतो. तरीही पोच मिळाली नाही, तर वाद न घालता शाखा व्यवस्थापकांकडे जा. आवाज मात्र चढवू नकोस, कारण तू ओरडलास की चर्चा तुझ्या ओरडण्याची होते आणि अडवलेला दावा बाजूला राहतो.

तक्रार करावी लागली तर ती आधी बँकेकडेच लेखी कर. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. 2021 पासून त्यासाठी एकत्रित योजना आहे आणि तक्रार ऑनलाइन नोंदवता येते. त्या तक्रारीत उद्धट वागणुकीला एकच वाक्य दे : तारीख, वेळ आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे. विशेषणे लावू नकोस. बाकी सगळा मजकूर कामाविषयी असू दे, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्याला निर्णय देणे सोपे जाते.

जाण्यापूर्वी पासबुकाच्या पहिल्या पानावर किंवा मुदतठेवीच्या पावतीवर नामनिर्देशनाची नोंद आहे का, ते पाहा, आणि अर्जाचा मसुदा मला पाठव. मी तो वाचून परत करतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका