'जहाज पाडाव केले' म्हणजे बुडवले का?

प्रश्न असा आला आहे : आंग्र्यांच्या इतिहासात 'इंग्रजांचे जहाज पाडाव केले' असे वाक्य पुन्हापुन्हा भेटते. इथे पाडाव म्हणजे बुडवले, लुटले की हरवले? आणि आज लिहिताना त्याऐवजी 'चाच्यांनी लुटले' असे लिहिले तर चालेल का?

बुडवले नाही, हे आधी स्पष्ट करतो. पाडाव करणे म्हणजे झुंजून धरणे आणि आपल्या ताब्यात आणणे. आज आपण पाडाव हा शब्द पराभव या अर्थाने वापरतो, 'निवडणुकीत त्यांचा पाडाव झाला' असे म्हणतो. तिथे तो नाम आहे आणि त्याच्या आधी षष्ठी येते. जुनी रचना वेगळी आहे. घोडे पाडाव केले, हत्ती पाडाव केला, जहाज पाडाव केले. यात क्रियापद जहाजाप्रमाणे चालते, पाडावाप्रमाणे नाही. म्हणजे इथे पाडाव हे विशेषण आहे : लढाईत धरलेला, हाती लागलेला. 'जहाजाचा पाडाव केला' आणि 'जहाज पाडाव केले' ही दोन वेगळी वाक्ये आहेत आणि दुसऱ्या वाक्यात जहाज शाबूत असते.

शाबूत राहावे म्हणूनच तर सगळी धडपड असे. आंग्र्यांच्या गुराबा, म्हणजे तोफांच्या लढाऊ नौका, मोठ्या जहाजाच्या पिछाडीला जात, कारण तिथे शत्रूच्या तोफा कमी. तोफांचा मारा शिडांवर आणि डोलकाठ्यांवर असे. वारा पडला की गलबते, म्हणजे त्यांहून लहान वल्हवायच्या नौका, वल्ह्यांच्या जोरावर गुराबांना ओढून नेत. जहाज पांगळे झाले की गलबतांतली माणसे चहूकडून वर चढत. जहाज तळाला गेले तर माल गेला, तोफा गेल्या, खंडणीसाठी ओलीस ठेवण्याजोगी माणसेही गेली. 1712 साली मुंबईचा गव्हर्नर एस्लबी याची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमाराने धरली. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन त्या झुंजीत मारला गेला, त्याची पत्नी कैदेत आली आणि पुढच्या वर्षी 30,000 रुपये घेऊन तिची सुटका झाली. 1735 साली संभाजी आंग्र्यांनी कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज असेच पाडाव केले.

माझ्या मते सर्वांत बोलका दाखला 'रेस्टोरेशन'चा. हे इंग्रजी जहाज तुळाजी आंग्र्यांनी 1749 मध्ये पाडाव केले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी तुळाजींच्या विजयदुर्गावर चालून गेले, तेव्हा ते तुळाजींच्या आरमारात होते. इंग्रजांचा गोळा पडून तेच पेटले आणि आग बाकीच्या आरमारात पसरली. नानासाहेब पेशवे या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हे मराठी माणसाला आजही बोचते. पण तो विषय वेगळा. सात वर्षांपूर्वी 'पाडाव केलेले' जहाज पाण्यावर होते, एवढे इथे पुरे.

आता 'लुटले'. हा शब्द कुठे बरोबर बसतो ते पाहा. 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज गाठले. ते यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होते. एव्हरीच्या माणसांनी संपत्ती काढून घेतली, प्रवाशांवर अनन्वित अत्याचार केले आणि जहाज सोडून दिले. ते नंतर सुरतेला पोचले आणि मोगल अधिकाऱ्यांनी तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकले. इथे लुटले म्हणा, चाचेगिरी म्हणा. पाडाव केले म्हणता येणार नाही, कारण जहाज कुणी ठेवून घेतलेच नाही.

याउलट 1613 मधले 'रहिमी'. जहांगीरच्या आईचे, म्हणजे मरियम-उझ-झमानीचे, हे जहाज पोर्तुगिजांनी सुरतेजवळ धरून गोव्याला नेले. पोर्तुगिजांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, जहाजावर होता तरीही. 16व्या शतकापासून ते या समुद्रावर कार्ताझ नसलेले जहाज धरत आले होते. परवान्याची ही रीत मराठी दर्यावरही होती. तिचे शब्द आपले आहेत : कौल आणि दस्तक. आज्ञापत्र या मराठेशाहीतील राजनीतीच्या ग्रंथात, आरमाराच्या प्रकरणात, कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना, म्हणजे जहाजांना, इजा करू नये असे बजावले आहे. परमुलखी गैरकौली तरांडे भेटले तर त्यालाही कौल आणि दिलासा देऊन बंदरात आणायला सांगितले आहे. शत्रूचे तरांडे पाडाव झाले, तर त्याची खबर सरकारात द्यायची. याला चाच्यांचा कारभार म्हणता येत नाही.

म्हणून 'चाच्यांनी लुटले' असे लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कान्होजी छत्रपतींचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. मुंबईकर इंग्रजांशी त्यांचा खरा तंटा परवान्याचा होता. हिंदी व्यापाऱ्यांच्या मालकीच्या जहाजाला इंग्रजी परवाना मिळाला, तर ते इंग्रजांचे ठरते का? कंपनी म्हणे ठरते, कान्होजी म्हणत नाही. 'चाचे' हा शब्द कंपनीच्या कागदांतला, एका पक्षकाराचा आहे. तो आपण मराठीत सहज उचलला की तंट्याचा निकाल वाचकाच्या नकळत लागतो. युरोपीय लोक स्वतः याच कृत्याला काय म्हणत? 1603 मध्ये सिंगापूरजवळ डचांनी 'सांता कातारिना' हे पोर्तुगीज जहाज धरले आणि माल विकून 30 लाख गिल्डरांहून अधिक रक्कम उभी केली. अॅम्स्टरडॅमच्या नाविक न्यायालयाने 1604 मध्ये ती प्राप्ती कायदेशीर ठरवली.

आज लिहिताना 'झुंजून ताब्यात घेतले' किंवा 'पकडून नेले' हे सोपे पर्याय आहेत. जप्त हा शब्द बंदरात किंवा जकातीच्या ठाण्यावर अडवलेल्या जहाजासाठी ठेवावा, लढाईसाठी नाही. मी स्वतः 'पाडाव केले' हेच ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ देतो. एक काळजी मात्र घ्या : पडाव नावाची एक होडीही असते, तेव्हा कोकणच्या कागदात 'पडाव' दिसला की मागेपुढे वाचून तो धरलेल्या जहाजाबद्दल आहे की त्या होडीबद्दल, हे आधी ठरवा.