बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी जगतात, म्हणजे पाणी चांगलं असणार ना?

नाही हो. मगर हवेत श्वास घेते, त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी ती तग धरते. बडोद्यात हा गैरसमज फार ऐकू येतो, म्हणून लिहितोय.

खरे साक्षीदार दगडाखाली असतात. पावागढच्या बाजूच्या एखाद्या वाहत्या ओहोळातला दगड उलटून बघा. पोटाच्या दोन्ही कडांना फडफडणारे कल्ले आणि मागे बहुधा तीन बारीक शेपट्या असलेली मेफ्लायची (एका उडणाऱ्या कीटकाची, पाण्यात वाढणारी) पिल्लं दिसली, तर पाणी बरंच स्वच्छ. नुसत्या लालभडक अळ्या वळवळत असतील, तर ऑक्सिजन कमी. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, कमी ऑक्सिजनवर भागवण्यासाठी. (शहरात मात्र काठावर उतरू नका, मगरी खरंच आहेत.)

रासायनिक तपासणीही हवीच. आंघोळीच्या पाण्याचा निकष: विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खर्च करतात तो ऑक्सिजन) लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत, पीएच (आम्लता-अल्कतेचं माप) ६.५ ते ८.५. नमुना पहाटे घ्या. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि आकडा फसवा चांगला येतो. शिवाय बाटलीतला नमुना त्या क्षणाचंच सांगतो. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळी वाहून गेलेलं असतं, पण त्यात मेलेले किडे लगेच परत येत नाहीत.